उभं विमान

विमान कंपनी बंद पडली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "माणसं बसत नव्हती का?" बसत होती. शेवटच्या महिन्यांत तर आमदारांच्या स्वीय सहायकांचे फोन यायचे, साहेबांसाठी एक सीट बघा म्हणून. तरी कंपनी गेली.

मी तिथे परवाने आणि कागदपत्रं बघायचो. पहिल्या अर्जाची फाइल मी बांधली आणि विमानं परत गेली तेव्हा नोंदवह्यांवर पोच घेणाराही मीच. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात आहे आणि बरोबरची बरीच मंडळी याच धंद्यात आहेत. मार्गांची नावंही टाळतो. लहान गावाला एकच कंपनी जात असते, त्यामुळे गावाचं नाव घेतलं की कंपनी कळलीच.

सुरुवात चार्टरपासून. मालकांचा मूळ धंदा वेगळा होता, पण विमानांचं वेड जुनं. त्यांनी नऊ आसनांचं एक टर्बोप्रॉप विमान भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि मी नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिटच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या एनएसओपीच्या, मागे लागलो. आता बरंचसं काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर होतं. तेव्हा सगळा कागद होता. दिल्लीत सफदरजंग विमानतळाच्या आवारात राजीव गांधी भवन, तिथे नागरी विमान वाहतूक मंत्रालय. समोर रस्ता ओलांडला की डीजीसीए. आधी मंत्रालयाचं ना हरकत, त्यासाठी संचालकांची गृह मंत्रालयाकडून सुरक्षा पडताळणी, मग डीजीसीएचे पाच टप्पे: अर्जापूर्वीची बैठक, रीतसर अर्ज, कागदपत्रांची छाननी, प्रात्यक्षिकं आणि शेवटी परवाना. शिवाय सुरक्षा कार्यक्रम बीसीएएसकडून, म्हणजे विमानतळ आणि विमानांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याकडून, वेगळा मंजूर करून घ्यायचा. गृह मंत्रालयाच्या टप्प्यावर तर चौकशी कुठे करायची हेच कळत नाही. फाइल आत जाते आणि आपण वाट बघतो.

या वाट बघण्याचे पैसे लागतात, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अर्जात पदाधिकाऱ्यांची नावं द्यावी लागतात: अकाउंटेबल मॅनेजर, ऑपरेशन्सचा प्रमुख, फ्लाइट सेफ्टीचा प्रमुख, विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणारा. नाव दिलं म्हणजे माणूस नोकरीवर घेतला. वैमानिकही घेतले. विमान अजून परदेशात, पण ते अडवून ठेवायला अनामत गेलेली. एक रुपया कमावण्याआधी पगारपत्रक सुरू झालं. छोट्या कंपन्यांचं निम्मं भांडवल या टप्प्यातच जिरतं असं माझं मत आहे, आणि वैमानिक सोडून बहुतेकांना ते पटतं.

प्रात्यक्षिकांतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. निरीक्षक टेबलावर बसून प्रसंग देतात: विमान 40 मैल बाहेर आहे, उतरायच्या ठिकाणी धुळीचं वादळ आलं, इंधन इतकं उरलंय, बोला. आमच्या डिस्पॅचरने, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाची आखणी करणाऱ्याने, पर्यायी धावपट्टी बरोबर सांगितली. तिथल्या माणसाला कळवतो, म्हणाला. निरीक्षक म्हणाले, "सांगू नका, लावा फोन." मॅन्युअलमधला नंबर फिरवला. तो लागला शासकीय विश्रामगृहाच्या खानसाम्याला. धावपट्टी राज्य सरकारची, तिचा नंबर कधीकाळी कुणीतरी बांधकाम खात्याच्या यादीतून उचललेला. खानसामा सज्जन होता. किती जणांचं जेवण करायचं, असं त्याने विचारलं. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी त्रुटी लिहिली आणि मॅन्युअलमधला प्रत्येक नंबर आम्हाला त्यांच्यासमोर फिरवायला लावला. त्या दिवशी राग आला होता. पुढे एकदा खरोखरच विमान वळवायची वेळ आली, तेव्हा पहिल्या फोनला माणूस मिळाला.

परवाना मिळाला आणि चार्टरची वर्षं सुखाची गेली. या धंद्याचं साधं गणित आहे. गिऱ्हाईक ताशी दराने पूर्ण विमान घेतं आणि पैसे आगाऊ देतं. विमान त्याला घ्यायला रिकामं गेलं तर त्या उड्डाणाचेही पैसे लागतात, मुक्काम पडला तर त्याचे वेगळे. निवडणुका म्हणजे सुगी. पक्षांची माणसं महिनोन्महिने आधी येऊन विमान अडवतात आणि किमान तासांची हमी देतात, उडवा नाहीतर ठेवा. सभा लांबतात, सूर्यास्त जवळ येतो, खाली धावपट्टीवर दिवे नाहीत, आणि आमचा कॅप्टन घड्याळ दाखवून नेत्यांना व्यासपीठावरून उतरवायचा निरोप धाडतो. हे काम त्याच्याइतक्या शांतपणे करणारा दुसरा मी पाहिला नाही. निवडणुका नसल्या की कारखानदार, रुग्ण, कधीमधी देवदर्शन. विमान उभं राहिलं तरी फार बिघडत नसे, कारण उद्या ते उडेल असा शब्द आम्ही कुणाला दिलेला नसायचा.

एनएसओपीच्या नियमांत एक गंमत होती. चार्टरवाल्याला एखाद्या मार्गावर सुट्या सीटा विकून ओळीने उड्डाणं करता येत, पण वेळापत्रक जाहीर करता येत नसे. म्हणजे सीट विका, पण विमान किती वाजता सुटतं ते छापू नका. ही पळवाट जुनी आहे. 1953च्या कायद्याने नियमित विमानसेवा सरकारी महामंडळांकडे गेली होती. 1986मध्ये एअर टॅक्सीला वाट मोकळी झाली आणि नव्वदच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी या कंपन्या त्याच वाटेने आल्या. 1 मार्च 1994 रोजी तो कायदा रद्द झाला. 1997 सरेपर्यंत या चौघींपैकी एकही उडत नव्हती. आमच्या जुन्या इंजिनियरांपैकी एकाने यातल्या दोन कंपन्यांत नोकरी केली होती. मालक नव्या मार्गाबद्दल बोलायला लागले की तो चहा घेऊन बाहेर जायचा.

मग छोट्या गावांना विमानाने जोडायची केंद्राची उडान योजना आली. 27 एप्रिल 2017 रोजी शिमला-दिल्ली हे पहिलं उड्डाण झालं. योजना कागदावर चांगली होती, आजही मी ती वाईट म्हणणार नाही. तासाभराच्या, साधारण 500 किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या सीटा 2,500 रुपयांच्या मर्यादेत विकायच्या. त्यातून येणारी तूट, म्हणजे व्हायबिलिटी गॅप फंडिंग, तीन वर्षं सरकार भरून देणार. आपल्याला किती तूट हवी याची बोली लावायची, कमी मागेल त्याला मार्ग. त्या मार्गावर तीन वर्षं दुसरं कोणी येणार नाही. लँडिंग आणि पार्किंगचे आकार माफ, पोलीस आणि अग्निशमन राज्याकडून, आणि या विमानतळांवरच्या इंधनाला व्हॅट 1 टक्का. पहिल्या फेरीत 128 मार्ग पाच कंपन्यांना मिळाले. त्यांतले 84 एअर ओडिशा आणि एअर डेक्कन या दोन छोट्या विमानांच्या कंपन्यांकडे गेले. ते आकडे वाचून आमच्या ऑफिसात जे वारं शिरलं ते आजही आठवतं. आपण मागे राहिलो, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

पुढच्या फेरीत आम्ही बोली लावली, मार्ग मिळाले, बँक हमी दिली. एनएसओपीवरून शेड्यूल्ड कम्यूटर, म्हणजे छोट्या विमानांनी वेळापत्रकाप्रमाणे उडायच्या, परवान्यात बदल करून घेतला. त्यात माझं वर्ष गेलं, पण त्याचं वर्णन करत नाही. पहिल्या खेपेसारखंच होतं, फक्त फाइली जाड. 19 आसनांची दोन विमानं आणली. 19 का? 19 पर्यंत केबिन क्रू लागत नाही. विसावी सीट लावली की एक हवाई सेविका, तिचं प्रशिक्षण, तिचा मुक्काम हे सगळं मागून येतं. आमच्याकडे सहवैमानिकच दारात उभा राहून पट्टा कसा बांधायचा ते सांगायचा.

19 सीटा होत्या म्हणून 19 विकता येत होत्या असं मात्र नाही. मे महिन्यात दुपारी दोनला, तापलेल्या पठारावरच्या आखूड धावपट्टीवरून विमान तेवढं वजन उचलत नाही. हवा विरळ होते, इंजिनाची ताकद उतरते, पंख्याची आणि पंखांची पकड कमी होते. लोड अँड ट्रिम शीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, भरणारा मुलगा काउंटरवर प्रवाशांना सामानासकट वजनकाट्यावर उभं करायचा आणि लोक चिडायचे. लग्नाला निघालेल्या एका कुटुंबाची बॅग आम्ही दुसऱ्या दिवशी रस्त्याने पाठवली. तिच्यात नवरदेवाची शेरवानी होती. त्यानंतरचे फोन मला आले. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या फेरीला आम्ही आधीच कमी सीटा विकायचो. पावसाळ्यात दुसरं दुखणं. खाली आयएलएस, म्हणजे ढगांतून धावपट्टीवर आणणारी रेडिओ यंत्रणा, नाही, सगळं डोळ्यांनी बघून उतरायचं, त्यासाठी दृश्यमानता 5 किलोमीटर हवी. ढग बसले की फेरी रद्द, आणि न झालेल्या फेरीची तूट सरकार देत नाही, जे योग्यच आहे. मुंबईसारख्या ठिकाणी आणखी वेगळं. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. अशा ठिकाणी 19 जणांच्या विमानाला सोयीचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची वेळ, कोण देणार? मिळाला तर भर दुपारचा, ज्या वेळी जिल्ह्यातल्या माणसाला मुंबईला पोचून कामाचा दिवस हाती लागत नाही.

पण कंपनी याने गेली नाही. हे सगळं धरूनच आम्ही चाललो होतो. खरा बदल पैशांच्या दिशेत झाला होता. चार्टरमध्ये पैसे आधी यायचे, उड्डाण नंतर. आता उलटं झालं. तिकिटाचे थोडे आधी मिळत, पण तुटीचे पैसे फेरी झाल्यावर, दावा करून, पडताळणी होऊन. त्यातला राज्याचा 20 टक्के हिस्सा वेगळ्या वाटेने. इकडे इंधन मात्र रोख, छोट्या कंपनीला तेल कंपन्या उधार देत नाहीत. विमानाचं भाडं डॉलरमध्ये, महिन्याच्या ठरल्या तारखेला, उडा किंवा नका उडू.

आणि मग मॅग्नेटिक प्लग.

टर्बोप्रॉपच्या गिअरबॉक्सच्या तेलात एक छोटा चुंबकी प्लग असतो. आत कुठे धातू झिजायला लागला तर कण त्याला चिकटतात. तो ठरावीक तासांनी काढून बघायचा असतो, आणि मध्येच कण साचले तर कॉकपिटमध्ये दिवा लागतो. आमच्या एका विमानाचा दिवा लागला. इंजिनियरने प्लग काढला, पांढऱ्या कपड्यावर पुसला आणि कपडा माझ्यापुढे धरला. तेलाचा तपकिरी डाग, त्यात पापणीच्या केसाएवढे दोन चमकणारे तुकडे. बारीक भुकटी असती तर धुऊन, तेल बदलून, थोडा वेळ इंजिन चालवून पुन्हा बघता आलं असतं. तुकडे म्हणजे बेअरिंग किंवा गिअर. इंजिन उतरवायचं.

उतरवलेलं इंजिन परदेशात जातं. तिथे ते उघडून झाल्यावरच खर्च कळतो. तोवर भाड्याचं इंजिन आणायचं तर त्याची अनामत, कस्टम्स, वाहतूक. बाहेरच्यांना विचित्र वाटेल असा भाग पुढेच आहे. प्रत्येक उड्डाण तासामागे आम्ही विमानाच्या मालकाकडे मेंटेनन्स रिझर्व्ह भरत होतो, म्हणजे याच दिवसासाठीचे पैसे. पण ते असे मागून मिळत नाहीत. आधी वर्कशॉपचं बिल स्वतः भरायचं, मग कागद जोडून परतावा मागायचा, आणि हा बिघाड करारातल्या व्याख्येत बसतो की नाही यावर वकिलांचा पत्रव्यवहार. आपलेच पैसे, पण ते सोडवायला तेवढेच पैसे पुन्हा हातात लागतात. आमच्या हातात नव्हते, कारण ते तुटीच्या दाव्यांत अडकले होते.

एक विमान उभं राहिलं. दुसरं दोघांच्या वाटचं उडायला लागलं. इथून जे होतं ते कुठल्याही छोट्या कंपनीत त्याच क्रमाने होतं, जुन्या इंजिनियरने मला ते आधीच सांगून ठेवलं होतं. उडणाऱ्याचे तास दुप्पट वेगाने भरतात, म्हणून त्याची मोठी तपासणी लवकर येते. त्याचा एखादा सुटा भाग बिघडला की उभ्या विमानाचा काढून त्याला लावतात. हँगरमध्ये याला सरळ 'रॉबरी' म्हणतात, आणि रीतसर नोंद केली तर ती नियमात बसते. पण एक पंप, एक जनरेटर, एक इंडिकेटर असं करत उभं विमान इतकं पोखरलं जातं की इंजिन परत आलं तरी ते लगेच उडत नाही. बँकेच्या हिशेबात दोन विमानं होती. हँगरमध्ये एक विमान आणि एक गोदाम.

फेऱ्या रद्द व्हायला लागल्या की वैमानिकांना आधी कळतं. त्यांचे तास कमी होतात, भत्ता कमी होतो. कमांडरला नोटीस एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची असा डीजीसीएचा 2017चा नियम आहे. मोठ्या कंपन्या मागणीच्या दिवसांत तेवढंही थांबायला तयार असतात. आमच्या प्रकारच्या विमानाचा सिम्युलेटर देशात नव्हता. म्हणजे एक गेला की दुसरा तयार करायला परदेशवारी, आणि सध्याच्यांच्या सहामाही चाचण्या पैशांअभावी पुढे ढकलता येत नाहीत. चाचणीची तारीख उलटली की तो माणूस घरी.

हे एकट्या आमच्याच नशिबी आलं असंही नाही. उडानवरचा कॅगचा अहवाल 2023मध्ये आला. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले आणि त्यांतल्या 112 मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली. मी तो अहवाल एका बैठकीत वाचून काढला. कारणांच्या यादीत विमानतळ तयार नसणं वगैरे सगळं आहे. ते बरोबरही आहे. विमानतळ तयार असतानाही कंपन्या का थांबतात, हे मात्र हँगरमध्ये गेल्याशिवाय कळणार नाही.

भाडं थकलं. पगार आधी उशिरा, मग अर्धे, मग बंद. लोक विचारतात, कोविडमुळे का? नाही, आम्ही त्याच्या आधीच संपलो होतो. विमानाच्या मालकाने करार मोडल्याची नोटीस दिली आणि डीजीसीएकडे आयडेरा दाखल केला. विमान आणताना आपणच सही करून दिलेलं ते अधिकारपत्र असतं: भाडं थकलं तर नोंदणी रद्द करून विमान घेऊन जा. भारत 2008मध्ये केप टाउन करारात सामील झाला आणि 2015च्या दुरुस्तीनंतर असा अर्ज आला की डीजीसीएने पाच कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची असते. जो परवाना उभा करायला वर्षं गेली, त्याखालचं विमान एका आठवड्यात कागदावरून गेलं.

विमानाच्या मालकाचा तंत्रज्ञ आला तेव्हा मला वाटलं, तो आधी विमान बघेल. त्याने आधी खोली बघितली, नोंदवह्यांची. इंजिनाच्या ज्या भागांना आयुष्याची मर्यादा असते, त्या प्रत्येकाचा कारखान्यातून निघाल्यापासूनचा हिशेब सलग लागतो. मधली एका वर्षाची पानं नसली तर तो भाग कितीही चांगला असो, भंगार धरतात. आम्ही दोघं जमिनीवर बसून पेट्या उपसत होतो. तो पान नंबर वाचायचा, मी टिक करायचो. रॉबरीच्या नोंदी आल्या की तो चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा आणि पुढे वाचायचा. सगळं जुळलं. जाताना त्याने कामाबद्दल चांगले शब्द लिहून दिले. त्या पत्रावर मला पुढची नोकरी मिळाली, हेही सांगायला हवं.

उरलेलं काम दिवाळखोरीचं. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि कंपनीचा कारभार व दावे बघायला रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमला. आमच्यासारख्या पगारदारांना फॉर्म डी भरायचा असतो, माल आणि सेवा पुरवणाऱ्यांना फॉर्म बी. ज्यांची तिकिटं रद्द झाली ते प्रवासीही दावा करू शकतात, पण हजार-दोन हजारांसाठी कोण शपथेवर फॉर्म भरतो? मी ओळखीच्या सगळ्यांचे फॉर्म भरून दिले: नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचा उतारा. चिठ्ठ्या बंद झालेल्या महिन्यांसाठी हजेरीचे उतारे चालले. ड्रायव्हर आणि लोडर कंत्राटदाराकडून होते. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं आणि कंत्राटदाराने फोन उचलणं बंद केलं होतं. कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्यावर, गेली तर कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने धरतात, बाकी कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची त्यांच्या खाली. भविष्य निर्वाह निधी या वाटणीत येतच नाही, तो वेगळा राहतो. पण वाटायला विकण्याजोगं काहीतरी लागतं. आमची विमानं भाड्याची होती. मालमत्तेच्या यादीत होती ती टो करायची ट्रॉली, बॅटरी चार्जर, टेबलं आणि वादातला तो मेंटेनन्स रिझर्व्हचा परतावा. तो मिळाला तर काही हाती लागेल. त्याची सुनावणी पुढे पुढे जाते आहे.

मधूनमधून कोणीतरी फोन करून विचारतं, तुमचा तो जुना परवाना विकत घेता येईल का, वेळ वाचेल. परवाना असा विकत मिळत नाही. मालकी बदलली की सुरक्षा पडताळणी पुन्हा, पदाधिकारी नवे, मॅन्युअल नवी. ते ऐकून बहुतेक जण विमानाच्या किमतीकडे वळतात. मी त्यांना इंजिनाच्या कराराची कलमं वाचायला पाठवतो. परत फोन केलेला त्यांच्यापैकी एकच, आणि तो हेलिकॉप्टर घ्यायचं म्हणत होता.